काश्मीर खोऱ्यात गोल्फ खेळायला जाताय? आधी श्रीनगर, मग पहलगाम, गुलमर्ग शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र, तिघांचे हँडिकॅप (कोर्सला ठरवून दिलेल्या शॉटपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) सोळा ते चोवीसच्या दरम्यान, चौथा नुकताच शिकलेला. हाताशी सात दिवस, जूनमध्ये काश्मीर. कोणते कोर्स खेळावेत, कोणत्या क्रमाने, आणि डोंगरात खेळताना नेमकं काय बदलायचं? गुलमर्ग हा जगातला सर्वांत उंच कोर्स असल्याचं ऐकलंय, म्हणून विमानतळावरून थेट तिथेच जायचा बेत आहे.

तो बेत उलटा करा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आहे, पहलगाम २,२०० मीटरच्या आसपास आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर. या तीन पायऱ्या आहेत. त्या एकेक करून चढलात की शरीराला सवय होते आणि बॉल किती लांब जातोय याचा अंदाजही बसत जातो. मी गोल्फ शिकवतो आणि गेली बरीच वर्षं उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचा गट घेऊन खोऱ्यात जातो. सुरुवातीच्या काळात मीही पहिल्या दिवशीच गुलमर्ग गाठायचो. एका वर्षी गटातल्या साठीच्या एका गृहस्थांना चौथ्या होलवर धाप लागली, डोकं ठणकायला लागलं. आम्ही खेळ तिथेच थांबवला आणि त्यांना घेऊन टंगमर्गला खाली उतरलो. ते बरे झाले, पण त्यांचे पुढचे दोन दिवस खोलीत गेले. तेव्हापासून हा क्रम मी कधीच मोडलेला नाही. आणि ‘सर्वांत उंच’ म्हणाल तर बोलिव्हियात ला पाझचा कोर्स ३,२०० मीटरच्याही वर आहे. गुलमर्गला जायचं ते त्याच्या इतिहासासाठी आणि त्या कुरणासाठी. तेवढं कारण भरपूर आहे.

श्रीनगरमध्ये रॉयल स्प्रिंग्ज हा तुमचा पहिला कोर्स. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, चश्मे शाही बागेला लागून, खाली दल सरोवर. आखणी रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांची, कोर्स खुला झाला २००१ साली. अठरा होल, पार ७२, म्हणजे चांगल्या खेळाडूने ७२ शॉटमध्ये पूर्ण करायचा. शेजारचं चश्मे शाही १६३२ चं, म्हणजे शाहजहानच्या काळातलं. डोंगरातून येणारं पाणी उतारावरून कसं खेळवायचं हे मुघल बागांच्या माळ्यांना तेव्हाच पक्कं माहीत होतं, आणि जोन्स यांनीही कोर्स आखताना तोच उतार आणि तेच झरे हाताशी धरले. इथे दोन फेऱ्या ठेवा. पहिली फेरी गुणपत्रिकेशिवाय खेळा, कारण पहिल्या नऊ होलपर्यंत ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तुम्हाला फसवणार आहेत.

कसे फसवणार, ते सांगतो. माझ्या पहिल्या फेरीत एका ग्रीनवर दहा-बारा फुटांचा पट, म्हणजे होलकडे बॉल घरंगळवायचा फटका, शिल्लक होता. मी बॉलमागे बसून पाहिलं, होलमागून पाहिलं. दोन्हीकडून चढ दिसत होता, किंचित उजवीकडे झुकलेला. बरोबरचा कॅडी पन्नाशीचा, फारसा न बोलणारा. मी स्टान्स घेतला तसा तो पुढे आला, होलच्या डावीकडे वीतभर अंतरावर बोट टेकवलं आणि म्हणाला, ‘‘उतार है साब, हल्का मारिए। डल की तरफ जाएगा।’’ मला पटलं नाही. मी मला दिसला तसा, चढाचा म्हणून जोर लावून मारला. बॉल होलच्या उजवीकडून गेला आणि थांबेना, चांगला सहा फूट पुढे जाऊन काठावरच्या गवताला टेकला. कॅडी काहीच बोलला नाही. त्याने पाठ डोंगराकडे केली आणि हात सरळ सरोवराकडे धरला.

डोंगराच्या पायथ्याची सगळीच जमीन एका बाजूला कललेली असते. डोळ्यांना सपाट म्हणून धरायला काहीतरी लागतं. खरी सपाटी समोर नसली की मेंदू आजूबाजूच्या फेअरवेलाच (ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यालाच) सपाट धरून चालतो. मग त्या फेअरवेपेक्षा थोडा कमी कललेला ग्रीन चढाचा वाटतो, प्रत्यक्षात तो उताराचाच असतो. मागे तीव्र डोंगर असेल तर भास आणखी वाढतो. यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. ग्रीनवर चालत येताना, अजून तीस-चाळीस यार्ड दूर असतानाच, पाणी कुठे आहे ते बघा. रॉयल स्प्रिंग्जवर दल दिसत असेल तर त्याच्या पाण्याची रेघ हीच खरी आडवी रेघ. तिच्याशी ग्रीनची कड ताडून पाहिली की कल कुठे आहे ते लगेच कळतं. दल झाडीआड गेलं असेल तर मनाशी एकच प्रश्न: या ग्रीनवर बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठून बाहेर पडेल?

गवताचाही फरक आहे. मुंबई-पुण्याच्या कोर्सवर आपल्याला बर्म्युडा गवताची सवय. त्यात पाती एका दिशेला लोळतात आणि पट त्या दिशेला ओढला जातो. खोऱ्यात थंड हवेतलं बारीक पात्याचं गवत आहे, त्यात ही ओढ फार कमी. म्हणजे गवताच्या चकाकीवरून दिशा ओळखायची आपली सवय इथे बाजूला ठेवायची आणि फक्त उतार वाचायचा. माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकायला दोन दिवस लागतात, पण एकदा जमलं की पुढच्या दोन्ही कोर्सवर तेच कामाला येतं.

जोन्स ज्युनियर यांच्याबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते कळलं की हा कोर्स वेगळा दिसायला लागतो. त्यांचे वडील रॉबर्ट ट्रेंट जोन्स हे कॅनडाच्या स्टॅनली थॉम्पसन यांचे भागीदार होते. थॉम्पसन यांनी रॉकी पर्वतातल्या खोऱ्यांमध्ये १९२० च्या दशकात जॅस्पर आणि बॅन्फचे कोर्स आखले. जॅस्परचे होल त्यांनी समोरच्या शिखरांच्या रोखाने वळवले, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडांना डोंगररेषेचा आकार दिला. डोंगराशी स्पर्धा न करता त्यालाच आखणीत घ्यायचं, ही ती परंपरा. पण खेळणाऱ्यासाठी त्यात एक मेख आहे. ग्रीनच्या मागे प्रचंड डोंगर असला की ग्रीन जवळ वाटतो. नजर लांबच्या डोंगरावर स्थिरावते आणि मधलं अंतर खाऊन टाकते. म्हणून अंतर नजरेने ठरवू नका, मोजा. लेझर रेंजफाइंडर बरोबर ठेवाच. मित्रांमधल्या फेरीत त्यातली चढ-उताराची सोय खुशाल वापरा. स्पर्धेत मात्र ती बंद ठेवावी लागते, कारण गोल्फच्या नियमावलीतल्या नियम ४.३ नुसार अंतर मोजायला परवानगी आहे, उंचीतला फरक मोजायला नाही.

आता बॉल किती लांब जातो ते. उंचीवर हवा विरळ, म्हणून बॉलला होणारा विरोध कमी. ढोबळ हिशेब असा की श्रीनगरला साधारण सहा टक्के, पहलगामला आठ टक्के आणि गुलमर्गला दहा टक्के जास्त अंतर मिळतं. समुद्रसपाटीला तुमचा सेव्हन आयर्न १५० यार्ड जात असेल तर श्रीनगरला १५९, पहलगामला १६२ आणि गुलमर्गला १६५. म्हणजे गुलमर्गला जवळपास एक क्लब कमी, सेव्हनऐवजी एट आयर्न. हा हिशेब पूर्ण शॉटचा आहे. चिप आणि अर्ध्या वेजला, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या शॉटना, काही बदलू नका, तिथे फरक जाणवण्याइतका पडत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. विरळ हवा बॉलला वर उचलूनही कमी धरते. त्यामुळे बॉल चपटा जातो, कमी वळतो आणि खाली येताना तिरका येऊन जास्त धावतो. तुमचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा शॉट, इथे थोडा बरा दिसेल, त्यावर विसंबून घरी आल्यावर फसू नका. ज्यांचा स्विंग संथ आहे त्यांना तर दहा टक्के मिळतच नाहीत, कारण त्यांचा बॉल हवेच्या आधारानेच वर राहतो. अशांनी ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, लॉफ्ट (तोंडाचा तिरपेपणा) एखाद-दोन अंशांनी वाढवावा, किंवा सरळ थ्री वुड घ्यावा. शिवाय सकाळची थंडी. गार बॉल टणक होतो, कमी उसळतो, आणि अंगात दोन थर घातले की खांदेही नीट वळत नाहीत. गुलमर्गला सकाळी सातचा टी-टाइम (फेरी सुरू करायची वेळ) असेल तर पहिले चार-पाच होल नेहमीचाच क्लब घ्या आणि ऊन अंगावर आलं की एक क्लब कमी करा. गार पडू नयेत म्हणून जास्तीचे बॉल खिशात ठेवले तर चालतं, पण हँड वॉर्मरने बॉल मुद्दाम गरम करणं नियम ४.२ मध्ये बसत नाही.

उतारावरच्या पार थ्रीसाठी (एकाच शॉटमध्ये ग्रीन गाठायच्या होलसाठी) माझा सोपा हिशेब: ग्रीन जितके फूट खाली, त्याला तीनने भागा आणि तेवढे यार्ड वजा करा. तीस फूट खाली असेल तर दहा यार्ड कमी. चढाला तेवढेच वाढवा.

श्रीनगर शहरात जुना काश्मीर गोल्फ क्लबही आहे. सपाट, चिनारांच्या सावलीतला. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी हात मोकळे करायला छान. त्यापेक्षा जास्त वेळ तिथे ठेवू नका, तुमचे दिवस मोजके आहेत.

तिसऱ्या दिवशी पहलगाम. श्रीनगरपासून साधारण ९० किलोमीटर, पांपोरच्या केशराच्या शेतांवरून आणि बिजबेहाराजवळच्या विलोच्या बॅटींच्या कारखान्यांवरून रस्ता जातो. लिद्दर व्हॅलीचा हा अठरा होलचा कोर्सही जोन्स ज्युनियर यांच्याच आखणीचा, पण स्वभाव पूर्ण वेगळा. रॉयल स्प्रिंग्ज उघडा, ऐसपैस. हा अरुंद दरीत, पाइन आणि देवदारांच्या गर्दीत. लिद्दर कोलाहोई हिमनदीतून येते आणि पहलगामपाशी शेषनागकडून आलेला प्रवाह तिला मिळतो. तिचा आवाज खेळताना साथ सोडत नाही, आणि पट वाचताना दलचं जे काम तेच इथे लिद्दरचं.

इथे माझा सल्ला: ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. पाइनच्या झाडीत गेलेला बॉल सापडला तरी खाली सुयांचा थर असतो. त्यावर पाय सरकतात, आणि एखादी सुई हलवताना बॉल हलला की एका शॉटचा दंड. आठ टक्के जास्तीचं अंतर मिळतंच आहे, तर त्याहून आखूड, सोप्या हायब्रिड क्लबने फेअरवेवर राहा. वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. दरीत सकाळी गार हवा वरून खाली, म्हणजे नदीच्या वाहण्याच्या दिशेने सरकते. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि वारा उलटा, दरीच्या वरच्या अंगाला वाहू लागतो. सकाळी मागून असलेला वारा अकरानंतर तोंडावर येतो. झाडांच्या शेंड्यांकडे बघून हे कळतं. फेअरवेवर उभं राहून गवत उडवून पाहिलंत तर कळणार नाही, कारण झाडांमुळे खाली हवा थांबलेली असते.

पहलगामबद्दल आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनमधल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचे जीव गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहाजण होते. बैसरन कोर्सपासून वेगळं, वर डोंगरात आहे. पण त्यानंतर खोऱ्यातली अनेक ठिकाणं बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. घरच्यांच्या मनात धास्ती असेल तर ती रास्त आहे, त्यांची समजूत घालण्याच्या भरात ती उडवून लावू नका. निघण्याच्या आठवड्यात कोर्सला फोन करून तो खुला आहे का आणि रस्त्यावर काय बंदोबस्त आहे ते विचारा, आणि स्थानिक ड्रायव्हर सांगेल त्या वेळेच्या आत परत फिरा. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेसाठी पहलगाम हा मुख्य तळ असतो. रस्ता ठरावीक वेळांना बंद ठेवतात, राहायला जागा मिळत नाही. तुमचा जूनचा पूर्वार्ध त्या दृष्टीने चांगला.

आणि मग गुलमर्ग, शेवटचे दोन दिवस. श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गनंतर रस्ता वळणं घेत घनदाट झाडीतून चढतो, आणि अचानक झाडी संपते. समोर एक मोठी हिरवी परात ठेवावी तसं कुरण. चारही बाजूंनी झाडीची कड, एका अंगाला अफरवटचा डोंगर. हवा स्वच्छ असेल तर सकाळी उत्तरेला नंगा पर्वतही दिसतो, ८,१२६ मीटर उंच, इथून पाहताना ढगच वाटतो. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या शॉटच्या जागी, माझे विद्यार्थी हमखास गप्प होतात. मी त्यांना पाच मिनिटं तसंच उभं राहू देतो.

इथलं गोल्फ १८९०-९१ सालापासूनचं. कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी सहा होलची पहिली आखणी केली. १८७५ मध्ये जबलपूरला स्नूकर हा खेळ ज्यांनी काढला असं मानतात, तेच हे, गुलमर्गची आखणी केली तेव्हा काश्मीर दरबारात लष्करी सचिव होते. १९११ मध्ये अठरा होलचा कोर्स झाला, १९२२ मध्ये पहिली अजिंक्यपद स्पर्धा आणि १९२९ मध्ये नेडू चषक सुरू झाला. पुढे १९७० च्या दशकात पीटर थॉमसन यांनी कोर्स नव्याने आखला. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला हा ऑस्ट्रेलियन खेळाडू आशियात गोल्फ वाढावं म्हणून झटला. १९६४ मधली पहिली इंडियन ओपनही त्यांनीच जिंकली होती. अलीकडे रणजित नंदा यांनी पुन्हा आखणी केली, आता तो पार ७२ चा, सुमारे साडेसात हजार यार्डांचा आहे. हा आकडा पाहून घाबरू नका. मागच्या टीपासूनचा तो आहे, आणि त्यातलं दहा टक्के अंतर विरळ हवाच तुम्हाला परत देते. पुढच्या टीवरून खेळा, जास्त मजा येईल.

कोर्स सरळ दिसतो. झाडं फेअरवेपासून दूर, सगळं उघडं. अवघड आहे ती जमीन. हे मैदान वर्षातले चार-पाच महिने बर्फाखाली असतं. याच उतारांवर हिवाळ्यात नवखी मुलं स्कीइंग शिकतात. बर्फ वितळताना जमीन कुठे फुगते, कुठे खचते. त्यामुळे सपाट स्टान्स क्वचित मिळतो. बॉल पायापेक्षा वर असेल तर ग्रिप खाली धरा आणि नेम उजवीकडे. पायापेक्षा खाली असेल तर गुडघे शेवटपर्यंत वाकलेलेच ठेवा. चढ-उतारावर खांदे जमिनीला समांतर करा. श्रीनगरमध्येच रोज अर्धा तास तिरक्या जमिनीवर सराव केलात तर इथे सात-आठ शॉट वाचतील. मला विचाराल तर रेंजवर शंभर ड्रायव्हर मारण्यापेक्षा हा अर्धा तास मोलाचा.

ओलावाही भरपूर. कुरणातून ओहोळ वाहतात, आणि जूनमध्येही सखल जागी जमीन स्पंजासारखी असते. बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर नियम १६.३ नुसार दंडाशिवाय उचलता येतो, ग्रीन सोडून बाकी मैदानात, बंकर आणि पेनल्टी एरिया (पाणी वगैरे दंडाच्या जागा) वगळून. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं आणि ते चिखलातून मारत बसतात. मेमध्ये गेलात तर सावलीच्या कडेला बर्फाचे उरलेले ढिगारेही सापडतील. नैसर्गिक बर्फ तुम्ही सुटा कचरा समजून बाजूला करू शकता किंवा साचलेलं पाणी समजून दंडाशिवाय ड्रॉप घेऊ शकता, म्हणजे बॉल उचलून बाजूला टाकू शकता. निवड तुमची.

पट वाचायला इथे दल नाही आणि लिद्दरही नाही, म्हणून ओहोळ शोधायचे. अफरवटच्या अंगाने उतरणारं पाणी कुठल्या दिशेला जातं ते पहिल्या दोन-तीन होलवरच पाहून ठेवा आणि कॅडीला विचारा. पिढीजात याच कुरणात वाढलेली ही माणसं आहेत. त्यांना पट विचारताना ‘किती’ विचारू नका, ‘कुठे’ विचारा. ते होलपासून अंतर सांगत नाहीत, जागा दाखवतात. त्या जागेवर बॉल सोडायचा, बाकीचं जमीन करते.

सामानाचं पटकन सांगतो. वॉटरप्रूफ जॅकेट आणि दोन जोडी बूट, कारण गुलमर्गला दुपारी पाऊस नेहमीचाच. सनस्क्रीन जाड लावा, गार हवेत ऊन लागत नाही म्हणून कातडी भाजल्याचं संध्याकाळीच कळतं. पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका. बाहेरच्या राज्यातलं मोबाइलचं प्रीपेड सिम इथे चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. श्रीनगर विमानतळावर परतताना तपासणीच्या रांगा अनेक असतात, गोल्फ बॅग दर टप्प्यावर उतरवून मशीनमधून न्यावी लागते. तीन तास आधी पोहोचा.

राहिला तुमचा नवशिका मित्र. त्याला श्रीनगरच्या पहिल्या फेरीत फक्त शंभर यार्डांच्या आत खेळू द्या, म्हणजे तुमचा बॉल जिथे पडेल तिथून त्याने वेज आणि पटर घेऊन होल पूर्ण करायचा. पहलगामला त्याला जोडीत घ्या, एकाआड एक शॉट. गुलमर्गला मात्र पुढच्या टीवरून पूर्ण अठरा होल त्याचे त्यालाच खेळू द्या. सकाळचा पहिला टी-टाइम घ्या, म्हणजे तो कितीही रेंगाळला तरी दुपारच्या पावसाआधी तुम्ही चौघेही क्लबहाउसमध्ये असाल.